चोराच्या हाती किल्ल्या



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा वर्गातला एक दंडक त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात: आधी प्रयोग सांगा, निष्कर्ष मागाहून. तो मी आज पाळणार आहे, एक अपवाद सोडून. विषयाचं नाव वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्यांच्यासाठी मुख्य मुद्दा आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे शेवटची बस गाठायला कुणाला मधेच उठावं लागलं तरी चुटपुट नको.

विषय आहे यीस्टच्या पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं आणि ती राखणारी प्रथिनं. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. पेशीत तुटलेला डीएनए शोधून तो जोडणारी एक दुरुस्ती-यंत्रणा असते आणि तिच्या दृष्टीने प्रत्येक मोकळं टोक संशयास्पद. मग गुणसूत्राचं खरंखुरं टोक तिच्यापासून लपवून ठेवायला हवं, असंच कुणालाही वाटेल. पेशीने उलटं केलंय. ज्या प्रथिनांपासून टोकाला धोका, त्यांनाच तिने टोकावर पहाऱ्याला बसवलंय. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आणि गंमत अशी, की जामदारखाना शाबूत आहे. तो कसा, हे बघायला आपण इथे बसलो आहोत.

यीस्ट आपल्या ओळखीचं आहे. बेकरीतला पाव फुगतो तो त्याच्यामुळे. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर घालत. त्या सुरेतही हेच यीस्ट असतं. एका पेशीचा जीव, पोटात साखर पडली की दीड-दोन तासांत एकाचे दोन. पण त्याची पेशी जिवाणूसारखी साधी नाही. आपल्या पेशीसारखं तिलाही केंद्रक असतं आणि त्या केंद्रकात गुणसूत्रं असतात, 16. म्हणजे टोकं 32. एकूण डीएनए सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरांचा, आणि एकेका टोकाचा टेलोमिअर साधारण 300 अक्षरांचा. गुणाकार करा. बत्तीसही टोकं मिळून दहा हजार अक्षरं भरत नाहीत. हजारात एक हिस्सासुद्धा नाही! शिवाय त्या अक्षरांत कसली माहितीही लिहिलेली नाही. टी आणि जी, टी आणि जी, कधी एक जी, कधी दोन, कधी तीन, असं एकसुरी पालुपद. एवढ्याशा हिश्श्यासाठी पेशी डझनावारी प्रथिनं राबवते. का?

दोन दुखणी आहेत म्हणून. पहिलं दुखणं लक्षात आलं तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती. हर्मन मुलर फळमाशांवर क्ष-किरण सोडून त्यांची गुणसूत्रं तोडत होते. तुकडे वेडेवाकडे कसेही जुळत, उलटे होत, इकडचे तिकडे जात. पण मूळ टोक गेलंय आणि तरी गुणसूत्र टिकलंय, असं काही त्यांना सापडेना. टोकात काहीतरी खास आहे, असं त्यांनी 1938 साली सांगितलं. त्याच सुमाराला बार्बरा मॅक्लिंटॉक मक्यात तेच पाहत होत्या. तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात. चिकटलेलं गुणसूत्र पेशी विभागताना दोन्हीकडून ओढलं जातं आणि पुन्हा तुटतं. नवी तुटकी टोकं पुन्हा चिकटतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं. नैसर्गिक टोकं मात्र कुणाला चिकटत नाहीत. आता, तुटकं टोक काय आणि नैसर्गिक टोक काय, दोन्ही शेवटी डीएनएचीच टोकं. यीस्टच्या पेशीत एकच तुटका डीएनए राहिला तरी पेशी विभाजन थांबवून बसते. मग ही 32 टोकं डोळ्यांसमोर असताना ती निवांत कशी?

दुसरं दुखणं हिशेबाचं. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम एकाच दिशेने चालतं आणि सुरुवात करायला त्याला आधी कुणीतरी छोटा तुकडा लावून द्यावा लागतो. तो तुकडा काढला की अगदी टोकाला थोडी जागा रिकामी राहते. म्हणजे दर नकलेला टोक थोडं आखूड. मॉस्कोत अलेक्सी ओलोव्निकोव्ह नावाचा तरुण शास्त्रज्ञ 1966 साली पेशींच्या म्हातारपणावरचं व्याख्यान ऐकून भुयारी रेल्वेच्या फलाटावर आला, आणि तिथे त्याला हे सुचलं. (व्याख्यानं ऐकून असंही होतं, बरं का.) 1971 साली त्याने ते रशियनमध्ये छापलं. पुढच्या वर्षी जेम्स वॉटसन यांनी स्वतंत्रपणे तीच अडचण मांडली.

हातमागावरून उतरलेल्या उपरण्याच्या शेवटी सुट्या धाग्यांच्या दशा असतात. त्यांना पीळ देऊन गाठी मारल्या नाहीत, तर वीण उसवत आत जाते. टोकाची राखण म्हणजे असंच काहीतरी, असं समजून चला. फरक इतकाच, की उपरण्याच्या गाठी एकदा मारल्या की काम संपलं. पेशीला दर पिढीला नक्कल करायची असते. त्यासाठी सगळ्या गाठी सोडायच्या, नक्कल झाली की पुन्हा मारायच्या, आणि या सोडण्या-बांधण्याच्या मधल्या वेळात दुरुस्ती-यंत्रणेने टोकावर झडप घालू नये हेही बघायचं.

आता प्रयोग. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत देखणा प्रयोग 1982 सालचा. टेट्राहायमेना हा डबक्यात राहणारा एकपेशीय जीव. त्याच्या पेशीत इवल्या इवल्या गुणसूत्रांच्या हजारो प्रती असतात, म्हणजे टोकांचं भांडारच. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत त्या टोकांची अक्षरं वाचली: दोन टी, चार जी, दोन टी, चार जी. हे 1978 साली छापून आलं. दोन वर्षांनी एका परिषदेत त्यांची जॅक शॉस्टाक यांच्याशी गाठ पडली. शॉस्टाक यीस्टवर काम करत. त्यांची अडचण वेगळीच होती. यीस्टच्या पेशीत गोल डीएनए घातला तर तो नांदतो. सरळ, दोन टोकांचा डीएनए घातला तर पेशी त्याची टोकं कुरतडते किंवा जोडून टाकते. दोघांचं बोलणं झालं आणि एक अचाट कल्पना निघाली. टेट्राहायमेनाची टोकं त्या सरळ डीएनएला लावून यीस्टमध्ये घालून बघायची.

विचार करा. डबक्यातला जीव आणि सुरेतला जीव. दोघांचे पूर्वज कधी वेगळे झाले, त्याला अब्जावधी नाही तरी खूप खूप वर्षं झाली. एकाच्या टोकाची भाषा दुसऱ्याला का कळावी? शहाण्या माणसाने या प्रयोगावर पैज लावली नसती. पण कळली! सरळ डीएनए यीस्टमध्ये सरळच राहिला. पुढच्या कामात तर आणखी नवल दिसलं. यीस्टने त्या परक्या टोकांच्या पुढे स्वतःची अक्षरं जोडली होती, टेट्राहायमेनाची नव्हेत, स्वतःची ती वेडीवाकडी टीजी. म्हणजे टोक वाढवणारं काहीतरी यीस्टच्या पेशीत होतं. नुसती नक्कल करून ही अक्षरं येणं शक्य नव्हतं, कारण मुळात ती तिथे नव्हतीच.

ते 'काहीतरी' टेट्राहायमेनात पहिल्यांदा पकडलं कॅरोल ग्रायडर यांनी. ब्लॅकबर्न यांच्या विद्यार्थिनी. 1984 सालच्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन त्यांनी फिल्म पाहिली आणि तिच्यावर पट्ट्यांची शिडी उमटलेली दिसली. टोकं पायरीपायरीने लांबवणारं हे एन्झाइम म्हणजेच टेलोमरेज. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शॉस्टाक या तिघांना 2009 साली नोबेल मिळालं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते आणि बहुतेक लेख इथेच संपतात. माझ्या दृष्टीने खरी कहाणी इथून पुढची. कारण टोक लांबवणारं एन्झाइम मिळालं, पण त्याला कुणी बोलवायचं, कुणी थांबवायचं, कुणी हाकलायचं?

शॉस्टाक यांच्याकडे व्हिक्टोरिया लुंडब्लॅड या तरुण संशोधिका होत्या. टोकं राखता न येणारं यीस्ट शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. सापडलेल्या पहिल्या जनुकाला नाव दिलं ईएसटी-1. शोध 1989 सालचा. हे जनुक बिघडवल्यावर काय होतं? सुरुवातीला काहीच होत नाही. आणि हेच फसवं आहे. बशीवर यीस्ट रेघोटून पसरायचं. प्रत्येक सुट्या पेशीपासून एक टिपका वाढतो, म्हणजे साधारण 25 पिढ्या. पहिल्या बशीवर टिपके गोल, गुबगुबीत. त्यातल्या एकातून दुसऱ्या बशीवर पसरा, ठीकच. तिसऱ्या बशीवर काही टिपके लहान, कडा दातेरी. चौथीवर कसेबसे कण. दर पिढीला टोक तीन-पाच अक्षरांनी झिजत होतं आणि 50 ते 100 पिढ्यांत शिल्लक संपली. पेशी मेल्या त्या जन्माला न आलेल्या अक्षरांमुळे.

सगळ्या मेल्या? नाही. त्या उजाड बशीवर मधेच काही टिपके पुन्हा गुबगुबीत उगवत. लुंडब्लॅड यांनी पुढे ब्लॅकबर्न यांच्यासोबत त्यांचा पिच्छा पुरवला. या वाचलेल्या पेशी टेलोमरेज नसतानाही टोकं राखत होत्या. एका टोकाचा मजकूर दुसऱ्या टोकावरून उतरवून घेत होत्या. हे काम कुणाचं? तुटका डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांचं. त्यांतलं रॅड-52 काढून घेतलं तर कुणीही वाचत नाही. चोराची पहिली मदत इथे दिसली. माणसाच्या साधारण दहातल्या एका कर्करोगात टोकं अशाच उसनवारीच्या मार्गाने राखली जातात.

लुंडब्लॅड यांचा शोध पुढे चालू राहिला. ईएसटी-2, ईएसटी-3, ईएसटी-4. यातला दुसरा म्हणजे खुद्द टेलोमरेजचं एन्झाइम, हे 1997 मध्ये पक्कं झालं. आणि चौथा? चौथ्याच्या घराचं दार उघडलं तर आत जुनाच भाडेकरू! लीलंड हार्टवेल यांनी वर्षानुवर्षं आधी पेशीविभाजन अडकलेल्या यीस्टचा मोठा संग्रह केला होता. त्यातलं एक जनुक सीडीसी-13. ते बिघडलेलं यीस्ट 25 अंशांवर नीट वाढतं, 37 अंशांवर नेलं की थांबतं. का थांबतं, ते हार्टवेल यांच्या गटाने 1995 मध्ये दाखवलं. टोकाचा एक धागा आतपर्यंत कुरतडला जातो आणि दुसरा उघडा पडतो. म्हणजे सीडीसी-13 टोकावर बसून कुरतडणाऱ्यांना अडवतं. आणि पुढच्याच वर्षी कळलं, की लुंडब्लॅड यांचं ईएसटी-4 आणि हार्टवेल यांचं सीडीसी-13 एकच.

जरा घोटाळा वाटतो ना? एकच प्रथिन बिघडलं, तर एका प्रयोगात टोकं उघडी पडून पेशी तत्काळ थांबते, आणि दुसऱ्या प्रयोगात टोकं हळूहळू झिजून पेशी शंभर पिढ्यांनी मरते. कारण बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी होता. सीडीसी-13 दोन कामं करतं. दार लावून बसणं हे एक, आणि योग्य वेळी टेलोमरेजला दार उघडणं हे दुसरं. लुंडब्लॅड यांचा बिघाड फक्त दुसऱ्या कामातला होता.

त्या बिघाडाकडे जरा जवळून बघू, कारण मला त्यातली कारागिरी फार आवडते. सीडीसी-13 च्या साखळीत 252 व्या जागी ग्लुटामेट असतं, ऋणभाराचं अमिनो आम्ल. बिघाडात तिथे लायसिन आलं, धनभाराचं. एवढ्याने टेलोमरेजचं येणं बंद. मग लुंडब्लॅड यांच्या गटाने ईएसटी-1 मधल्या 444 व्या जागेकडे पाहिलं. तिथे मुळात लायसिन, धन. ते बदलून ग्लुटामेट केलं, ऋण. तेव्हाही टेलोमरेज येईना. आणि मग दोन्ही बिघाड एकाच पेशीत घातले. दोन चुका मिळून काय व्हावं? टोकं पुन्हा नीट राखली जाऊ लागली! एकीकडचा धन-ऋण उलटा झाला होता, दुसरीकडचाही उलटा केला, हात पुन्हा हातात आला. आणखी एका प्रयोगात त्यांनी सीडीसी-13 ला टेलोमरेज थेट चिकटवूनच टाकलं. तेव्हा ईएसटी-1 मुळातून काढलं तरी चाललं. म्हणजे ईएसटी-1 चं मुख्य काम हात धरून आणणं, इतकंच.

टेलोमरेजमध्ये प्रथिनाखेरीज आरएनएचा एक धागाही असतो, त्याच्यावरून अक्षरं उतरवली जातात. यीस्टमधला हा आरएनए मिळाला तो वेगळ्याच वाटेने. डॅनियल गॉटशलिंग यांना 1990 मध्ये दिसलं होतं, की एखादं जनुक नेहमीच्या जागेवरून उचलून टोकाजवळ ठेवलं तर ते कधी बोलतं, कधी गप्प बसतं. यीस्टचं एक जनुक बंद असलं तर पेशीत लाल रंग साचतो, चालू असलं तर पेशी पांढरी. ते टोकाजवळ ठेवल्यावर बशीवर जे टिपके उगवले त्यांत पांढऱ्यावर लाल फाका होत्या, कापलेल्या पेरूसारख्या. टोकाजवळ सर नावाची तीन प्रथिनं पसरून बसतात आणि आसपासच्या जनुकांना गप्प करतात, म्हणून हे घडतं. ही शांतता कशाने मोडते, हे शोधताना 1994 मध्ये गॉटशलिंग यांच्या हाती टेलोमरेजचा आरएनए लागला. शोधायला गेले एक आणि मिळालं दुसरं. आरएनए लांबलचक आहे, साडेअकराशे अक्षरांच्या घरात, आणि त्यातली साचा म्हणून उपयोगी जेमतेम पंधरा-सतरा. बाकीचा पसारा कशाला? प्रथिनांना बसायला. पुढे कोलोराडोत त्या बैठका आरएनएवर इकडून तिकडे हलवून पाहिल्या, तरी टेलोमरेज चालत राहिलं.

आता मोजणी. यीस्टचं टोक 300 अक्षरांच्या आसपास राहतं. आखूड झालं तर वाढतं, लांब झालं तर वाढायचं थांबतं. पेशीला लांबी कळते कशी? तिच्याकडे ना पट्टी ना डोळे.

इथे रॅप-1 येतं. टीजीच्या पालुपदावर साधारण दर 18 अक्षरांमागे एक रॅप-1 बसतं. म्हणजे पूर्ण वाढलेल्या टोकावर पंधरा-वीस. त्याच्या शेपटाला रिफ-1 आणि रिफ-2 नावाचे दोन सोबती धरून असतात. डेव्हिड शोर यांच्या प्रयोगशाळेत स्टेफान मार्कां यांनी 1997 मध्ये एक युक्ती केली. टोकाच्या लगत, टीजी नसलेल्या जागी, त्यांनी रॅप-1 ची नुसती शेपटं बांधली. कधी एक, कधी दोन, कधी अधिक. पेशी फसली. जितकी शेपटं बाहेरून बांधली, तितकं खरं टोक तिने आखूड केलं! तिला अक्षरांशी देणंघेणं नव्हतं. ती प्रथिनं मोजत होती. रॅप-1 ची माणसं पुरेशी जमली, की टेलोमरेजला आत घेत नाहीत. कमी पडली, की घेतात.

पुढे योआखिम लिंग्नर यांच्या गटाने 2004 मध्ये एकेका टोकाचा हिशेब मांडला. पेशीच्या एका चक्रात टेलोमरेज सगळ्या टोकांवर जातच नाही. टोक 300 अक्षरांचं असेल तर शंभरात सहा-आठ वेळा जातं. 100 अक्षरांचं असेल तर चाळिसाहून अधिक वेळा. गरजवंताला आधी, असा हा शिधावाटपाचा नियम. (आपल्याकडच्या शिधावाटपाशी तुलना मी करत नाही.)

इथवर आपल्याकडे काय जमलं? रॅप-1 मोजतं, सीडीसी-13 दार राखतं, ईएसटी-1 हात धरून आणतं, ईएसटी-2 आणि आरएनए अक्षरं जोडतात. सगळे प्रामाणिक नोकर. आता चोरांकडे येऊ.

पहिला चोर कू. दोन प्रथिनांची जोडी, अंगठीसारखी तुटक्या डीएनएत शिरते. पेशीत कुठेही डीएनए तुटला की पहिल्यांदा पोचणाऱ्यांत ही असते, आणि तिचं काम म्हणजे दोन टोकं एकमेकांना जोडायला लावणं. गुणसूत्राच्या टोकाचा याहून मोठा वैरी सांगा! रॅप-1 पेशीतून घालवलं तर काय होतं, हे 2005 मध्ये मार्कां यांनीच दाखवलं. गुणसूत्रं टोकाला टोक चिकटतात, आणि ती ज्या यंत्रणेने चिकटतात तिची पहिली पायरी कू. आणि तरी कू टोकावर कायम बसलेलं असतं. बरं, घुसखोर म्हणून नाही. कू काढून टाका: टोकं आखडून शंभरेक अक्षरांवर येतात, एक धागा उघडा पडतो, शेजारची गप्प जनुकं बोलू लागतात. कूचा एक हात टेलोमरेजच्या आरएनएला धरतो, त्याला केंद्रकात टिकवून ठेवतो.

जोडणारा आणि राखणारा एकच, हे जमतं कसं? ॲलिसन बर्टूश यांच्या गटाने 2007 मध्ये कूच्या अंगावर जागोजागी बदल करून पाहिले. अंगठीचा जो भाग डीएनएच्या टोकाकडे, बाहेर तोंड करून असतो, तिथे बदल केला तर जोडणी बिघडते. जो भाग आत, गुणसूत्राच्या धडाकडे असतो, तिथे केला तर टोकाजवळची शांतता बिघडते. दोन तोंडांचं प्रथिन! टोकावर रॅप-1 ची गर्दी असते, तेव्हा बाहेरच्या तोंडाला काम मिळत नाही. आतलं तोंड मात्र नोकरीवर हजर.

दुसरा चोर टेल-1. खरं तर हा चोर नव्हे, शिट्टी मारणारा गस्तवाला. डीएनए तुटला की एमआरएक्स नावाचं त्रिकूट तिथे बसतं आणि टेल-1 ला बोलावतं. टेल-1 इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून हाकाटी करतं. माणसात याचा भाऊबंद आहे एटीएम. तो बिघडला की लहान मुलांचा तोल जातो, प्रतिकारशक्ती खालावते, कर्करोगाचा धोका वाढतो. टेल-1 मुळात सापडलं कुठे? 1986 मध्ये, आखूड टोकांचं यीस्ट शोधताना! म्हणजे गस्तवाल्याची ओळख आधी टोकावर झाली आणि त्याची गस्त नंतर कळली. 2007 च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी एकाच वेळी दाखवलं, की टेल-1 आखूड टोकांवर निवडून जातं. टोक आखूड झालं की रिफ-2 कमी, रिफ-2 कमी की टेल-1 ला वाट मोकळी, आणि टेल-1 आलं की टेलोमरेज येतं. बघा काय केलंय. आखूड टोक थोडंसं तुटल्यासारखं दिसतं. ते तसं दिसणं दडपून न टाकता पेशीने त्याचीच घंटा केली. धोक्याची सूचना ती दुरुस्तीच्या मागणीसारखी वापरते. टेल-1 आणि त्याचा जोडीदार मेक-1, दोघांनाही काढलं तर यीस्ट टेलोमरेज नसल्यासारखं झिजून मरतं.

माझं मत विचाराल, तर 'टोपण' हा शब्द आपण टेलोमिअरच्या बाबतीत फार सैल वापरतो. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत टोकावर रंगीत टोपी दाखवतात, घट्ट बसलेली. तसं काही नसतं. तिथे सतत माणसं ये-जा करत असतात. टेलोमरेज येतं, तर पीफ-1 नावाचं प्रथिन त्याला उखडून काढतं. पीफ-1 चा हा दरारा व्हर्जिनिया झाकियन यांच्या प्रयोगशाळेत 1994 मध्ये दिसला. ते नसेल तर टोकं बेसुमार वाढतात, आणि त्याहून वाईट म्हणजे, खरोखर तुटलेल्या डीएनएवरही टेलोमरेज नवं टोक लावून मोकळं होतं. मग तुटलेला तुकडा कायमचा गेला.

माणसाबद्दल थोडक्यात, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. आपल्या टोकांवर सहा प्रथिनांचा संच असतो. त्यातल्या पॉट-1 चा शोध 2001 मध्ये लागला तो यीस्टच्याच दुसऱ्या एका जातीतून, मधोमध दुभंगून वाढणाऱ्या पॉम्बे यीस्टमधून. आपल्या पेशींत रॅप-1 आहे, पण ते थेट डीएनएला धरत नाही. सीडीसी-13 च्या गटाला समांतर गट आपल्याकडेही आहे. त्यातलं सीटीसी-1 बिघडलं तर डोळे, मेंदू आणि हाडांना ग्रासणारा एक दुर्मीळ आजार होतो. आणि कू? यीस्ट निदान कूशिवाय जगतं. माणसाची पेशी जगत नाही. टोकं झपाट्याने तुटतात आणि ती मरते. किल्ल्या आपण चोराच्या हाती यीस्टपेक्षाही अधिक विश्वासाने दिल्यात.

आणि हो, टेलोमिअरची लांबी मोजून 'तुमचं खरं वय' सांगणाऱ्या चाचण्या, टोकं वाढवणाऱ्या गोळ्या. त्यावर पैसे घालवू नका. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत टेलोमरेज बंद असतं, आणि दहातल्या साडेआठ-नऊ कर्करोगांत ते पुन्हा चालू झालेलं असतं. नुसतं वाढवणं चांगलं, असं यीस्टसुद्धा मानत नाही. नाहीतर त्याने पीफ-1 बाळगलं नसतं.

शेवटचा मुद्दा. इतका व्याप कशासाठी? टोकंच नसती तर? गुणसूत्र गोल असतं तर ना झीज ना राखण. जिवाणू बहुतेक असेच जगतात. 2018 मध्ये चीनमधल्या एका गटाने यीस्टची सोळाही गुणसूत्रं जोडून एकच लांब गुणसूत्र केलं, टोकं फक्त दोन. यीस्ट जगलं! पुढे ती दोन टोकंही जोडून त्यांनी गोल केलं, तरीही जगलं. पॉम्बे यीस्टला तीन गुणसूत्रं असतात. त्याचं पॉट-1 काढलं, तर बहुतेक पेशी मरतात आणि वाचलेल्यांत तीनही गुणसूत्रं गोल झालेली सापडतात. रोजचं जगणं, वाढणं, विभागणं, सगळं चालतं.

अडतं ते लग्नाच्या वेळी. दोन पॉम्बे पेशी एकत्र आल्या, की पुढच्या पिढीचे बीजाणू तयार करण्याआधी सगळी गुणसूत्रं आपापल्या जोडीदाराला शोधतात. जपानमधल्या यासुशी हिराओका यांच्या गटाने 1994 मध्ये जिवंत पेशीत हे पाहिलं. सगळी टोकं केंद्रकाच्या एका कडेला गोळा होतात, आणि तिथे धरून अख्खं केंद्रक पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत नेलं जातं, परत आणलं जातं, पुन्हा नेलं जातं, तासाहून अधिक काळ. पुढे टोकं, मागे फरफटणारी गुणसूत्रं. या ओढाताणीत जोडीदार शेजारी येतात. टोकांवरचं टाझ-1 हे प्रथिन काढलं तर टोकं गोळा होत नाहीत, जोड्या नीट जुळत नाहीत आणि बरेच बीजाणू मरतात. गोल गुणसूत्रांची गत याहून वाईट. दोन गोलांनी आपसात एकदा देवाणघेवाण केली, की दोहोंचा मिळून एकच मोठा गोल होतो, दोन्ही बाजूंनी ओढला जाणारा, आणि तो तुटल्याशिवाय वेगळा होत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आहे. मी इथे थांबतो. प्रश्न असतील त्यांनी हात वर करावा, माइक तुमच्यापर्यंत येईल.